फामागुस्ता : पस्तीसपट लहान रणगाडा आणि त्यातली चार माणसे

हैदराबादेत ‘टँक’ म्हटले की आधी पाणी डोळ्यांसमोर येते. टँकबंड म्हणजे हुसेनसागराचा बांध, आपल्या बाप्पांच्या विसर्जनाची जागा. मासाब टँक म्हणजे मांसाहेबांचा तलाव. तलाव केव्हाच गेला, नाव तेवढे उरले. त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यांना ‘चला, माझा टँक दाखवतो’ म्हटले की ते गच्चीच्या जिन्याकडे वळतात. त्यांना थांबवून पुस्तकांच्या कपाटाकडे आणावे लागते.

गंमत म्हणजे लढाईतल्या टँकचे नावही पाण्यावरूनच पडले आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लिंकन शहरात ही नवी चिलखती गाडी गुपचूप तयार होत होती. गुपित फुटू नये म्हणून हे पाणी वाहून नेण्याच्या टाक्यांचे काम आहे, अशी आवई उठवली गेली आणि १९१५ च्या डिसेंबरात ‘टँक’ हेच नाव कागदोपत्री पक्के झाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हे टँक पहिल्यांदा रणात उतरले. आपल्या मराठीने त्याला ‘रणगाडा’ असे सार्थ नाव दिले. गाडा म्हटला की त्यात बसणारी, तो हाकणारी माणसे आलीच. या लेखाचा विषय शेवटी तीच माणसे आहेत.

रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती करणे, म्हणजे स्केल मॉडेलिंग, हा माझा गेल्या बारा-तेरा वर्षांचा छंद. शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, नोकरी राज्य शासनाच्या एका बांधकाम खात्यात. दिवसभर मोजमाप पुस्तिका आणि अंदाजपत्रके, रात्री जेवणानंतर तासभर चिमटा आणि ब्रश. मंडळाच्या स्मरणिका समितीने यंदा इतिहासावर लेख मागितला, तेव्हा कपाटातला एकच रणगाडा डोळ्यांसमोर आला. त्याचे नाव ‘फामागुस्ता’. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या काठी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढले, त्याची ही प्रतिकृती आहे.

मापाचा हिशेब

रणगाड्यांच्या मॉडेलचे जगभर सर्वांत जास्त चालणारे माप १/३५ आहे. अभियंत्याला हे माप खटकते. १/५०, १/१०० ही मापे नकाशात रोज भेटतात. पस्तीस हा आकडा कुठून आला? त्याचे मूळ जपानमधल्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीत आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचा चालणारा किट काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून सांगाड्याची रुंदी त्यांच्या मापाने ठरवली. मग मूळ रणगाड्याशी गुणोत्तर काढले तर ते साधारण १/३५ आले. किट चांगला खपला, पुढचे किटही त्याच मापात निघाले आणि बाकीच्या कंपन्यांनीही तेच माप धरले. दोन बॅटऱ्यांनी ठरवलेले माप आज साठ वर्षे टिकून आहे.

या मापात सेंच्युरियन किती मोठा होतो ते पाहा. पुढे रोखलेल्या तोफेच्या नळीसह खऱ्या रणगाड्याची लांबी सुमारे ९.८ मीटर, म्हणजे मॉडेल २८ सेंटीमीटर. रुंदी ३.४ मीटर, म्हणजे पावणेदहा सेंटीमीटरच्या आसपास. उंची तीन मीटर, म्हणजे साडेआठ सेंटीमीटर. पावणेसहा फुटी जवान पाच सेंटीमीटरचा होतो, माझ्या करंगळीपेक्षाही लहान. लांबी पस्तीसपट कमी होते तेव्हा घनफळ ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पट कमी होते. खरा सेंच्युरियन सुमारे ५१ टनांचा. तोच जसाच्या तसा पोलादात लहान केला, तर वजन भरेल सव्वा किलोच्या आत. प्लॅस्टिकचा माझा रणगाडा त्याहूनही हलका आहे. मुलगी तो एका तळहातावर उचलते.

किट म्हणजे डब्यात शेकडो सुटे भाग, प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले. निपरने एकेक भाग कापायचा, कापल्याची खूण बारीक पॉलिश पेपरने घासायची, मग द्रव सिमेंटने जोडायचा. हे सिमेंट डिंकासारखे चिकटवत नाही. ते प्लॅस्टिक थोडे विरघळवते आणि दोन भाग एकजीव होतात. या कामात घाई चालत नाही. आमच्या खात्यात काँक्रीटला क्युरिंगचे दिवस द्यावे लागतात, तसेच हे.

उशिरा पोहोचलेला रणगाडा

भाग जोडता जोडता यंत्राचा इतिहास हाताला कळत जातो. सेंच्युरियनचा आराखडा ब्रिटनने १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना हाती घेतला. जर्मन टायगर आणि पँथर यांच्यापुढे ब्रिटिश रणगाडे कमी पडत होते. त्या अनुभवातून जाड चिलखत, मोठी तोफ आणि भरवशाचे इंजिन एकत्र आणणारा हा रणगाडा जन्मला. पण पहिले सहा नमुने जर्मनीत पोहोचले ते मे १९४५ मध्ये, तोवर तिथली लढाई संपली होती. ज्या युद्धासाठी तो घडवला, ते युद्ध त्याला मिळालेच नाही. पुढची पस्तीस-चाळीस वर्षे मात्र तो कोरियात, सुएझला, व्हिएतनाममध्ये, गोलानच्या पठारावर आणि आपल्या पंजाब-जम्मूच्या सीमेवर लढत राहिला. १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात एका अणुचाचणीच्या वेळी स्फोटापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर एक सेंच्युरियन मुद्दाम उभा केला होता. तो दुरुस्त होऊन पुन्हा सेवेत आला आणि नंतर व्हिएतनामलाही गेला, इतका हा दणकट.

त्याचे इंजिन म्हणजे रोल्स-रॉइसचे मीटिऑर, बारा सिलिंडरचे, साधारण ६५० अश्वशक्तीचे. स्पिटफायर विमानात जे मर्लिन इंजिन होते, त्याचेच हे जमिनीवरचे भावंड. इंजिन भक्कम, पण चालायचे पेट्रोलवर आणि पेट्रोल प्यायचे बेसुमार. सुरुवातीचे सेंच्युरियन एका भरण्यात रस्त्याने जेमतेम शंभर किलोमीटर जात. पेट्रोल म्हणजे आगीचा धोका. ही गोष्ट पुढे बसंतरच्या संदर्भात लक्षात ठेवावी लागते.

किटमधला सांगाड्याचा पुढचा उतरता पत्रा बसवताना कळते की चिलखताचा उतार शोभेसाठी दिलेला नाही. तिरप्या पत्र्यावर गोळा आदळला की त्याला जास्त जाडी भेदावी लागते, किंवा तो घसरून जातो. चाकांच्या बाहेरून टांगलेले पातळ पत्रे बसवताना कळते की विशिष्ट प्रकारचे स्फोटक गोळे मुख्य चिलखतापर्यंत पोहोचण्याआधीच फुटावेत, यासाठी ते आहेत. चाके प्रत्येक बाजूला सहा, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. पट्ट्याचे दुवे प्रत्येक बाजूला शंभराहून जास्त. एकेक दुवा सोडवून, घासून, जोडताना दोन आठवडे गेले. खऱ्या रणगाड्याचा पट्टा तुटला तर हेच काम जवानांना चिखलात आणि अंधारात, जड पोलादी दुव्यांशी झुंजत करावे लागे.

सेंच्युरियनची एक मोठी खुबी म्हणजे तोफ स्थिर ठेवणारी यंत्रणा. रणगाडा खड्ड्याखळग्यांतून हिंदकळत चालला तरी नळी नेमावरून फारशी हलत नसे. पाकिस्तानकडे असलेला अमेरिकन पॅटन कागदावर जास्त आधुनिक होता. अंतर मोजण्याची त्याची यंत्रणा प्रगत होती, पण किचकट. १९६५ च्या लढायांनी दाखवून दिले की रणांगणात यंत्राइतकेच ते हाताळणाऱ्या माणसांचे शिक्षण महत्त्वाचे असते.

पुण्याचे घोडदळ, हैदराबादचा लान्सर

फामागुस्ता हा रणगाडा पूना हॉर्स या रेजिमेंटचा. अधिकृत नावात १७ हा आकडा आहे, पण ओळख पुण्याच्याच नावाची. तिचे मूळ १८१७ सालात आहे. त्या वर्षीच्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांवर एका सहायक घोडदळाचा खर्च लादला गेला आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘पूना ऑक्झिलियरी हॉर्स’ उभे राहिले. पेशव्यांच्या पैशावर उभे राहायचे ठरलेले हे घोडदळ काही महिन्यांतच पेशव्यांविरुद्ध लढले. आपल्या इतिहासातले हे दुखरे पान आहे, पण ते वगळून या रेजिमेंटची कुंडली मांडता येत नाही. पुढे १९२१ मध्ये मुंबई लष्कराच्या जुन्या तिसऱ्या घोडदळ रेजिमेंटशी तिचे विलीनीकरण झाले. घोडे गेले, रणगाडे आले. नावातला ‘हॉर्स’ मात्र राहिला.

हैदराबादकरांना या रेजिमेंटशी जोडणारा दुवा म्हणजे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. मेहदीपट्टणहून मासाब टँककडे जाताना ‘फर्स्ट लान्सर’ नावाची वस्ती लागते. बसचा कंडक्टर हे नाव रोज पुकारतो, पण लान्सर म्हणजे कोण हे विचारायला कुणाला सवड नसते. निजामाच्या फौजेतल्या पहिल्या लान्सर्स रेजिमेंटच्या जुन्या छावणीचे ते नाव आहे. मुंबईत १९२३ मध्ये जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले तारापोर याच हैदराबाद फौजेत दाखल झाले. आधी ते पायदळात होते. सरावाच्या वेळी एका रंगरूटाच्या हातून सुटलेला हातबॉम्ब त्यांनी झेपावून उचलला आणि लांब फेकला. तो हवेत फुटला आणि ते जखमी झाले. फौजेचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस यांनी त्यांना बोलावून शाबासकी दिली, तेव्हा त्यांनी बक्षीस म्हणून चिलखती दलात बदली मागून घेतली. अशा रीतीने ते लान्सर्समध्ये आले आणि दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेत जाऊन आले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये तारापोर भारतीय सैन्याच्या पूना हॉर्समध्ये रुजू झाले.

१९६५ च्या सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. ११ सप्टेंबरला फिल्लोराच्या लढाईत जखमी होऊनही त्यांनी मागे जायला नकार दिला. १६ सप्टेंबरला चाविंडाजवळ बुतूर-डोग्रांदी इथे त्यांना वीरमरण आले. या लढायांत रेजिमेंटने शत्रूचे साठ रणगाडे नष्ट केले आणि आपले नऊ गमावले, असे त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंदले आहे. आपला अंत्यविधी रणांगणावरच व्हावा अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. त्या वेळी त्यांच्या हाताखाली जो रणगाडा होता, तोही सेंच्युरियनच.

बसंतरची सकाळ

आता सहा वर्षांनी पुढे येऊ. १९७१ च्या डिसेंबरात शकरगढच्या भागात बसंतर नदी ओलांडून आपल्या पायदळाने पलीकडे पाय रोवले होते. त्यांच्या मदतीला रणगाडे पोहोचणे निकडीचे होते, पण वाटेत पसरलेले सुरुंगक्षेत्र होते. इंजिनिअर्सच्या तुकड्या रात्रभर वाट मोकळी करत होत्या. वाट अर्धीच साफ झाली असताना पलीकडे शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसू लागली. पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांनी उरलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे पुढे काढायचा निर्णय घेतला. ते पार झाले.

१६ तारखेच्या सकाळी जरपाल गावाजवळ ‘बी’ स्क्वाड्रनवर पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा हल्ला आला आणि त्यांनी मदत मागितली. ‘ए’ स्क्वाड्रनमधून जे रणगाडे धावले, त्यांत फामागुस्ता होता. नाव सायप्रस बेटावरच्या एका बंदराचे, क्रमांक जेएक्स २०२. त्यावरचे कमांडर अरुण खेत्रपाल, वय एकवीस. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. जूनमध्येच ते अधिकारी झाले होते. युद्ध सुरू होण्याची चिन्हे दिसली तेव्हा ते अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा दलाच्या प्रशिक्षणात होते. तिथून थेट आघाडीवर आले.

पुढची लढाई अनेकांनी लिहिली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. एका टप्प्यावर शत्रूच्या स्क्वाड्रनसमोर आपले तीन रणगाडे उरले. एकाचे कमांडर जखमी झाले, दुसऱ्याची तोफ अडकली, तिसरा फामागुस्ता. गोळा लागून त्याने पेट घेतला. रणगाडा सोडण्याचा हुकूम रेडिओवरून आला. तोफ अजून चालते आहे, म्हणून खेत्रपाल यांनी तो सोडला नाही. त्यानंतर आणखी एक गोळा लागला आणि ते धारातीर्थी पडले. मानपत्रानुसार त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले; त्यांतले चार खेत्रपाल यांनी टिपलेले होते. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी रात्री पश्चिम आघाडीवरही तोफा थांबल्या. एक दिवसाचे अंतर होते.

समोर लढत होती पाकिस्तानची १३ लान्सर्स. तिची वंशावळ काढली तेव्हा मी चकित झालो. मुंबई लष्कराच्या जुन्या पहिल्या आणि दुसऱ्या घोडदळ रेजिमेंट १९२३ मध्ये एकत्र करून ती बनली होती आणि फाळणीत पाकिस्तानकडे गेली. तिसरी रेजिमेंट पूना हॉर्समध्ये मिसळलेली, हे वर आलेच. म्हणजे बसंतरच्या शेतात एकमेकींवर तोफा डागणाऱ्या या दोन रेजिमेंट एकाच मुंबई लष्कराच्या तबेल्यातून निघालेल्या होत्या.

अरुण यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल हे मूळचे सरगोध्याचे. २००१ साली ते आपले जुने गाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी ते उतरले, ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर. यजमानांनी अतिशय अगत्याने त्यांचा पाहुणचार केला आणि निघण्याआधी सांगितले की १६ डिसेंबरला १३ लान्सर्सच्या रणगाड्यात ते होते आणि अरुण यांचा मृत्यू त्यांच्याच हातून झाला. ही हकिकत पुढे वृत्तपत्रांतून सर्वांपर्यंत पोहोचली. फामागुस्ता काही काळ पाकिस्तानच्या ताब्यात गेला आणि नंतर परत मिळाला. आज तो अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे.

रंग कोणत्या वेळेचा?

मॉडेल जोडून झाले की खरा प्रश्न पुढे येतो तो रंगाचा. आधी राखाडी प्रायमर, मग एअरब्रशने सैनिकी हिरवा. इथे एक गंमत आहे. खऱ्या रणगाड्याचा रंग जसाच्या तसा मॉडेलला दिला तर मॉडेल काळपट दिसते. मोठी वस्तू लांबून पाहताना मधल्या हवेमुळे तिचा रंग फिका वाटतो, म्हणून लहान वस्तूला तो रंग थोडा उजळ करून द्यावा लागतो. त्यानंतर पातळ केलेला तपकिरी रंग खाचांत सोडायचा, त्याने सावल्या उठून येतात. जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवरून फिकट रंग फिरवायचा, त्याने वापराने झिजलेला पत्रा दिसतो.

चिखलासाठी मी खरी माती वापरतो, पण ती चाळून. एक मिलिमीटरचा वाळूचा कण या मापात साडेतीन सेंटीमीटरचा दगड होतो. माती परीक्षणात जी ७५ मायक्रॉनची चाळणी वापरतात, तिच्यातून गाळलेली मातीसुद्धा पस्तीसपट केली तर अडीच मिलिमीटरच्या कणांची होते. म्हणून चाळणीखालचीच माती घ्यायची, तीत थोडे प्लास्टर आणि रंगाची भुकटी मिसळायची आणि पट्ट्यांवर दाबायची.

भारतीय रणगाड्यांच्या खुणा परदेशी किटच्या डब्यात मिळत नाहीत. नाव आणि क्रमांक हाताने लिहावे लागले. दीड-दोन मिलिमीटर उंचीची पांढरी अक्षरे, दोन-तीन केसांच्या ब्रशने, श्वास रोखून. पेणचे कारागीर गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी करतात आणि त्या आखणीने मूर्तीला नजर येते, असे म्हणतात. नाव लिहून झाल्यावर हा रणगाडा हजारांतला एक सेंच्युरियन राहिला नाही, तो फामागुस्ता झाला.

पण रंगवण्याआधी ठरवावे लागते की हा रणगाडा कोणत्या वेळेचा दाखवायचा. संग्रहालयातले रणगाडे नव्या कोऱ्या रंगात चकाकत असतात, तसा? की लढाईनंतरचा, जळालेला, गोळ्याने भोक पडलेला? मॉडेल करणाऱ्यांमध्ये जळका, गंजका रणगाडा करण्याची मोठी हौस असते. काजळी, उडालेला रंग, वितळलेले रबर यांत रंगकामाची कसोटी लागते आणि स्पर्धेत परीक्षक तेच पाहतात. मलाही ते तंत्र येते. पण फामागुस्ताच्या बाबतीत हात पुढे जाईना. ते भोक म्हणजे कुणाचा तरी शेवटचा क्षण आहे. त्यावर केशरी गंज आणि काळी पावडर फासून ‘वा, किती खरे दिसते’ ही दाद घ्यायची, हे मनाला पटेना.

छंदाविषयीचा एक आक्षेपही इथेच विचारात घ्यावा लागतो. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले होते, ‘माणसे मारण्याच्या यंत्राचे खेळणे कशाला करायचे?’ प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की खेळणे होऊ नये याची काळजी करणाऱ्याने घ्यायची असते. ज्याने पट्ट्याचे शंभर दुवे हाताने जोडले आणि आतली जागा मोजली, तो युद्धाबद्दल सहज बढाया मारत नाही. आतली जागा किती कमी आहे हे त्याला मिलिमीटरमध्ये माहीत असते.

शेवटी मी वेळ निवडली ती १६ तारखेच्या सकाळची, सुरुंगांची वाट पार केल्यानंतरची आणि मदतीची हाक येण्याआधीची. पट्ट्यांना नदीकाठचा ओला चिखल, बाजूच्या पत्र्यांवर सुकलेले शिंतोडे, वर डिसेंबरची धूळ. तोफ समोर. कमांडरचे झाकण उघडे.

न दिसणारे दोघे

मॉडेल पूर्ण करताना जी गोष्ट मला सर्वांत जास्त शिकवून गेली ती आता सांगतो. सेंच्युरियनमध्ये चार माणसे असतात. चालक पुढे, सांगाड्यात. वरच्या फिरत्या बुरुजात तिघे: कमांडर, गनर आणि तोफेत गोळे भरणारा लोडर, जो रेडिओही सांभाळतो. बाहेरून पाहणाऱ्याला कमांडर छातीपर्यंत दिसतो, झाकण उघडे असेल तर चालकाचे डोके दिसते. गनर आणि लोडर दिसत नाहीत. बरेच किट तयार करणारे डब्यात एक-दोनच माणसे देतात, कारण बाकीची दिसणारच नसतात.

फामागुस्तातली माणसे कोण होती? कमांडर खेत्रपाल. चालक सवार प्रयाग सिंग. गनर सवार नाथू सिंग. लोडर आणि रेडिओ ऑपरेटर सवार नंद सिंग. कमांडरबरोबर त्या दिवशी नंद सिंग यांनीही प्राण दिले. प्रयाग सिंग आणि नाथू सिंग जखमी अवस्थेत वाचले. रणगाडा जळत असताना तोफ चालू होती, याचा अर्थ कुणीतरी गोळा उचलून नळीत भरत होता, कुणीतरी दुर्बिणीला डोळा लावून नेम धरत होता आणि कुणीतरी सुकाणू सोडले नव्हते. पेट्रोलवर चालणाऱ्या पोलादी खोलीत, बाहेर काय चालले आहे ते नीट दिसत नसताना, एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्याच्या शब्दावर हे तिघे आपापल्या जागी थांबले होते. खेत्रपाल यांच्या शौर्याला यामुळे उणेपणा येत नाही. उलट, त्यांच्या शब्दाला केवढे वजन होते ते कळते.

सरकारी खात्यात काम करणाऱ्याला हे लवकर समजते. पुलाच्या कोनशिलेवर मान्यवरांचे नाव असते, वरिष्ठांचे असते. पुराच्या पाण्यात उभे राहून पातळी घेणाऱ्या खलाशाचे नसते. कोनशिलेची लांबी-रुंदी ठरलेली असते, सगळी नावे मावत नाहीत, हे मान्य. पण माझ्या मॉडेलचा लाकडी पाट मीच कापलेला आहे, त्यावर जागा किती ठेवायची हे माझ्या हातात होते.

म्हणून बुरूज कायमचा बसवण्याआधी मी गनर आणि लोडरचे दोन पुतळे करून आत बसवले. पाच सेंटीमीटरच्या मापातले, बसलेल्या अवस्थेत त्याहूनही लहान. त्यांचे गणवेश रंगवले, एकाच्या हातात गोळा दिला. बुरूज बसल्यावर ते आता कुणालाच दिसत नाहीत. खाली पाटावर पितळी पट्टी लावली आहे. तिच्यावर रणगाड्याचे नाव आहे, तारीख आहे आणि देवनागरीत चारही नावे आहेत, एकाच आकाराच्या अक्षरांत.

घरी येणारी मुले आधी तोफेकडे पाहतात, मग चाके मोजतात आणि मग पट्टी वाचतात. ‘काका, नावे चार आहेत, माणसे दोनच का?’ हा प्रश्न बहुतेक मुलांकडून येतो. मी सांगतो, बाकीचे दोघे आत आहेत. मग मुले वाकून झाकणातून आत बघायचा प्रयत्न करतात. आत अंधार असतो. तरीही ती बघत राहतात आणि तेवढ्यात बसंतरची गोष्ट सांगून होते.

आपल्यापैकी पुष्कळांचे गावी जाणे-येणे सोलापूर, नगर, पुणे या वाटेने असते. नगरला रणगाड्यांचे संग्रहालय सर्वांना पाहता येते. देशोदेशीचे रणगाडे तिथे ओळीने उभे आहेत. रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटारही आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जा. रणगाड्यासमोर उभे राहून फोटो काढाच, पण त्याआधी मुलांना एक प्रश्न विचारा : यात किती माणसे बसत असतील आणि त्यांतली बाहेरून किती दिसतील?